टोपी घालावी तर अशी

मराठीत 'टोपी घालणे' या शब्दप्रयोगाला मुळीच प्रतिष्ठा नाही. कोणी कोणाला टोपी घातली असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बुडालेले पैसे उभे राहतात. तरीसुद्धा यंदाच्या दिवाळीत आपल्या माणसांना टोपी घालावी, असे मी या सदराच्या वाचकांना उघडउघड सुचविणार आहे. मात्र ती लोकरीची, घरी विणलेली आणि वेणीच्या विणीची असावी.

मुंबईची वाचक मंडळी येथेच हसतील. त्यांच्याकडे थंडी ही वर्तमानपत्रात वाचावयाची गोष्ट आहे. पण पुण्यात नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून बसलेल्या पोरांना विचारा. नाशिक-निफाडकडे तर भर हिवाळ्यात द्राक्षांच्या बागा वाचविण्यासाठी शेकोट्या पेटवाव्या लागतात. शिवाय मुंबईकराच्या घरातलेही कोणी ना कोणी दिल्लीला नाहीतर थेट बर्फाच्या मुलखात, टोरांटोला वगैरे, असतेच. त्यांना दरवर्षी फराळाचे पार्सल जाते. त्यातल्या करंज्या वाटेत मोडतात. टोपी मोडत नाही, आणि तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज फार लांब राहिलेली नसेल, हे मला ठाऊक आहे. सराईत हाताला एक टोपी दहा-बारा तासांची. म्हणजे फराळाच्या धांदलीतून एखादीच काय ती वेळेवर उतरेल. बाकीच्यांसाठी तुळशीचे लग्न आहे, नाताळ आहे आणि संक्रांत तर आहेच. खरी थंडी तोवरच पडते.

ही वीण म्हणजे काय, हे आधी सांगते. कोणी तिला केबल म्हणतात, कोणी वेणी. केबल म्हणजे जहाजाचा जाड दोर. ज्यांच्या दारात समुद्र त्यांना त्या विणीत दोरखंड दिसला, आणि जिला रोज सकाळी मुलीचे केस विंचरावयाचे तिला वेणी दिसली. भाषेचा काटेकोरपणा करावयाचा तर दोन पेडांचा तो 'पीळ' आणि तीन पेडांची ती 'वेणी'. पण पहिल्या टोपीला दोन पेडच पुरेत. रीत अगदी सोपी आहे. सुईवर सहा सुलट टाके आहेत. त्यांतले पहिले तीन न विणता एका लहानशा तिसऱ्या सुईवर घेऊन बाजूला ठेवावयाचे. पुढचे तीन विणावयाचे आणि मग ताटकळत ठेवलेले तीन विणावयाचे. झाला पीळ. तिसरी सुई कामाच्या पुढे धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. लोक लांबून पाहून 'केवढे अवघड!' म्हणतात; आपण ते म्हणू द्यावे. वास्तविक टाके तेच आहेत, फक्त त्यांची पाळी बदलली आहे.

अवघड आहे ते निराळेच. पिळामुळे कापड आकसते. टाके एकमेकांवर चढले की रुंदीला कमी पडतात, हे साध्या बुद्धीलाही पटावे. पण साध्या टोपीच्या हिशेबाने टाके घालून वर वेण्या गुंफणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्या टोप्या भावाच्या डोक्यासाठी सुरू होतात आणि भाच्याच्या डोक्यावर जातात. म्हणून टोपीचा आराखडा हा आधी हिशेब आहे आणि मग कला. तो हिशेब आपण एकदा मांडून पाहू.

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २२ इंच असतो. टोपी डोक्याला धरून बसावयाची तर ती दोन इंच लहान हवी. म्हणजे २० इंच. डबल निटिंगची लोकर आणि आठ नंबरची, म्हणजे चार मिलिमीटरची सुई घेतली तर मध्यम हाताचे २२ टाके चार इंचांत बसतात. (आपल्याकडे चालणारे सुयांचे जुने विलायती क्रमांक उलटे असतात. आकडा मोठा तशी सुई बारीक. नव्या मुली येथे हमखास फसतात.) त्या मानाने २० इंचांना ११० टाके लागले. ही झाली साध्या टोपीची गोष्ट. वेणीसाठी दर पाच टाक्यांमागे एक जादा धरावा. ११० चे १३२ झाले. वेण्या दाट असतील तर आणखीही लागतील. आपला हात सैल की घट्ट हे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही, तेव्हा वेणीसकट एक वीतभर तुकडा विणून तो मोजावा, मगच टोपीला हात घालावा. पुष्कळजणींना हा तुकडा म्हणजे वेळ फुकट घालविणे वाटते. मला वाटत नाही.

१३२ हा आकडा मी उगाच निवडलेला नाही. बारा टाक्यांचा एक संच करावा: सहा सुलट वेणीचे, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट. असे अकरा संच म्हणजे १३२. आता गंमत पाहा. टोपीच्या काठाला आपण दोन सुलट, दोन उलट अशी ताणणारी वीण घालतो. बारा टाक्यांत ती नेमकी तीन वेळा बसते. काठावरचे दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट हे सहा टाके वर गेल्यावर वेणी होतात. त्यांच्या मधले दोन उलट टाके तेवढे सुलट करावयाचे, बाकीच्यांना धक्का लावावयाचा नाही. वेणी काठातूनच उगवल्यासारखी दिसते. काठ एके ठिकाणी संपला आणि वेण्या भलतीकडेच सुरू झाल्या, अशा टोप्या दुकानांतून ढिगाने मिळतात. त्या पाहिल्या की मला बिनयमकाची आरती ऐकल्यासारखे होते.

काठ बारीक सुईने, दहा नंबरच्या, दोन इंच विणावा. आजोबांसाठी असेल तर चार इंच विणून दुमडावा. कानांवर दुहेरी ऊब येते. मग आठ नंबरच्या सुया घेऊन चार ओळी सरळ, पाचवीला पहिला पीळ आणि त्यानंतर दर आठव्या ओळीला एक, असे पाच पीळ झाले की पाच इंच उंची भरते. चार सुयांवर गोल विणले तर शिवण येत नाही. दोन सुयांवरच हात बसला असेल तर दोन टाके शिवणीसाठी वाढवून १३४ घालावेत आणि उलट्या बाजूने टाका जसा दिसेल तसा विणावा.

टोपीचा कस लागतो तो माथ्यावर. येथे टाके कमी करावयाचे असतात, आणि घाई झालेली बाई दोन-दोन टाके एकत्र करीत सुटते. मग इतक्या निगुतीने वर आणलेल्या वेण्या डोक्यावर येऊन चिरडतात. वेणीला शेवटपर्यंत वेणी राहू द्यावी; शेजारच्यांनी आधी जागा करून द्यावी. पहिल्याने उलट टाक्यांच्या जोड्यांचा एकेक टाका करावा. १३२ चे ११० होतात. तीन ओळींनंतर मधल्या दोन सुलट टाक्यांचा एक करावा: ९९. पुन्हा तीन ओळी जाऊ द्याव्यात. आता जेथे सहावा पीळ यावयाचा, तेथे तीन टाके तिसऱ्या सुईवर घेऊन ती सुई पुढे समांतर धरावी आणि पुढच्या-मागच्या सुईवरचा एकेक टाका मिळून एक असे विणावे. सहाचे तीन झाले, पीळही पडला, उरले ६६. एक ओळ सरळ. मग वेण्यांमधल्या तीन टाक्यांचा एक करावा: ४४. एक ओळ सरळ, मग दोन-दोन एकत्र: २२, पुन्हा तसेच: ११. त्या अकरांतून दोरा ओवून घट्ट ओढावा. अकरा वेण्या एका बिंदूत जाऊन मिळतात, आणि फुलाच्या देठाशी पाकळ्या मिळाव्यात तसे ते दिसते. एवढे जमले तर वर गोंडा लावू नका. गोंडा हा बहुधा बिघडलेला माथा झाकण्यासाठी असतो, असे माझे मत आहे.

लोकरीविषयी थोडक्यात. रंग फिका किंवा मध्यम असावा, काळ्या लोकरीत वेणी दिसत नाही. रंगीबेरंगी दोऱ्यात ती हरवते आणि केसाळ लोकरीत बुडते. गोल, चांगला वळलेला दोरा घ्यावा. शंभर ग्रॅम पुरते. ॲक्रिलिकची असेल तर तिला इस्त्री दाखवू नये. एकदा चपटी झालेली वेणी पुन्हा उठत नाही.

वेणीच्या विणीची आज जगभर ख्याती आहे ती आयर्लंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात असलेल्या तीन लहान ॲरन बेटांमुळे. तेथल्या स्वेटरांबरोबर एक कथाही विकली जाते. कथा अशी, की प्रत्येक कोळी घराण्याची वेणी निराळी. समुद्रात बुडालेला माणूस कोठेही वाहत गेला तरी स्वेटरावरच्या वेणीवरून तो कोणत्या घरचा ते ओळखू यावे. ऐकताना अंगावर काटा येतो. पण कथा खरी नाही. घराण्यांच्या वेण्या कधी नव्हत्याच. ते सजवलेले स्वेटर फार प्राचीनही नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते नावारूपाला आले. १८९१ साली आयर्लंडच्या दरिद्री पश्चिम भागासाठी सरकारने एक मंडळ नेमले. मासेमारी सुधारणे, घरगुती उद्योगांना उत्तेजन देणे ही त्याची कामे. बेटांवरच्या बायकांनी विणकामातून चार पैसे मिळविले ते अशाच प्रयत्नांच्या आधाराने. पुढे १९३० साली डब्लिनमध्ये उघडलेल्या 'कंट्री शॉप' या दुकानाने त्यांच्या कामाला शहरातले गिऱ्हाईक मिळवून दिले. हाइन्झ किवे नावाच्या व्यापाऱ्याने तर १९६७ साली पुस्तक लिहून या विणीला हजारेक वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथांतल्या चित्रांपर्यंत नेऊन भिडविले. कष्टाने पोट भरणाऱ्या बायकांची खरी हकीकत विकली जात नाही आणि प्राचीनता विकली जाते, हे आपल्याकडेही नवे नाही.

मग बुडालेल्या माणसाला ओळखण्याची गोष्ट आली कोठून? ती आली एका नाटकातून, असेच बहुतेक जाणकार मानतात. जे. एम. सिंज याची 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका १९०४ साली रंगभूमीवर आली. आमच्या महाविद्यालयांतून इंग्रजीच्या वर्गांत ती पुष्कळांनी वाचली असेल. दिवाळीच्या अंकात, तेही भाऊबीजेच्या तोंडावर, ही गोष्ट सांगू नये हे मला कळते. पण विणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईने ती ऐकावी असे मला वाटते, म्हणून सांगते. घरातले कर्ते पुरुष एकेक करून समुद्राने नेलेले आहेत. मायकेल हा भाऊही बेपत्ता आहे. दूर उत्तरेला सापडलेल्या एका प्रेतावरचे कपडे, एक सदरा आणि एक पायमोजा, कोणी आणून देतो. कॅथलीन आणि नोरा या बहिणी म्हाताऱ्या आईच्या नकळत ते गाठोडे सोडतात. आधी सदऱ्याचे कापड ताडून पाहतात. कापड तर तेच आहे. पण तसल्या कापडाचे तागेच्या तागे बाजारात पडलेले असतात, तसा सदरा दुसऱ्या कोणाच्याही अंगात असू शकेल. सदऱ्यावरून काही ठरत नाही. मग नोरा पायमोजा हातात घेते आणि टाके मोजते. साठ टाके घातले होते, चार सोडले होते. तेवढेच भरतात.

पायमोजा साधा होता. त्यावर वेणी नव्हती, पीळ नव्हता, घराण्याची कसली खूण नव्हती. दंतकथा करणाऱ्यांनी मोज्याचा स्वेटर केला आणि आकड्याची नक्षी केली. नक्षी कोणालाही उचलता येते. वर मी दिलेली वेणी उद्या या अंकाच्या वाचकांपैकी कितीजणी तरी उचलतील. नोराने जे ओळखले ते नक्षीने ओळखताच आले नसते. अमक्या पायासाठी साठ टाके, त्यांतले चार सोडावयाचे, हे ती बसून ठरविणारी एकटीच होती.

आणि म्हणूनच टोपी 'मोठ्या माणसासाठी' विणू नये. अमुक एका डोक्यासाठी विणावी. १९६२ च्या हिवाळ्यात चीनशी युद्ध पेटले तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. तेथे माणूस अनोळखी होता, तेव्हा माप ठोकळच धरावे लागणार आणि ते योग्यच होते. भावाचे डोके तर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तेथे ठोकळ माप का? मोजपट्टी घेऊन मागे लागलात तर भेटीची गंमत जाते. त्यापेक्षा त्याची जुनी टोपी आतून मोजावी. कोणाचे डोके मागे चपटे असते, कोणाचे उभट. उभट डोक्याला सहा पीळ लागतात. टक्कल पडलेल्या माणसाला लोकर थेट टोचते. त्याच्यासाठी मऊ दोरा घ्यावा किंवा आत मलमलीचे अस्तर लावावे. स्कूटरवरून कामाला जाणाऱ्याला मात्र वेणीची टोपी देऊ नये. ती हेल्मेटखाली बसत नाही, आणि बळेच बसविली तर कपाळावर वेण्यांचे वळ उठतात. त्याच्यासाठी मफलर विणा.

मुलांच्या डोक्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूल झपाट्याने वाढते तसे डोके वाढत नाही. वर्षाच्या बाळाचे डोके १८ इंचांच्या आसपास असते, पाच वर्षांच्या मुलाचे २० च्या, आणि मोठ्या माणसाचे २२. आपल्या हिशेबात हे बसते कसे पाहा: बाळाला नऊ संच, मुलाला दहा, बापाला अकरा. एकाच लोकरीच्या तिघांच्या टोप्या वेण्या मोजून ओळखता येतील. दहा संचांच्या टोपीत आणखी एक सोय आहे. संख्या सम असल्यामुळे पाच वेण्या डावीकडे आणि पाच उजवीकडे झुकवून जोड्या लावता येतात. अकरांत एक बिचारी एकटी पडते.

खरी पंचाईत आईची. ज्या बाईचा अंबाडा आहे तिला गोल टोपी बसतच नाही. बसविली तर मागे दुसरे डोके निघाल्यासारखे दिसते, आणि ती बिचारी तुमच्या समाधानासाठी एकदा घालून कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या संगतीला ठेवून देते. तिच्यासाठी माथा विणूच नये. तीन पेडांची रुंद वेणी, नऊ टाक्यांची, दोन्ही बाजूंना पाच-पाच टाक्यांचा उलट-सुलट काठ देऊन, आडवी विणत जावी. पहिले दोन पेड एकमेकांवर घ्यावे आणि चार ओळींनी शेवटचे दोन विरुद्ध दिशेने; केसांची वेणी घालतो तसेच. कपाळावरून कानांवरून मागे अंबाड्याखाली येईल एवढी लांबी झाली की बटण लावावे. कान झाकले जातात, अंबाडा मोकळा राहतो.

हिवाळ्यात रस्त्यांच्या कडेला तिबेटी मंडळी स्वेटर आणि टोप्या मांडून बसतात तेव्हा कोणीतरी हटकून म्हणते, की एवढ्या लोकरीच्या पैशांत तयार टोपी येते. येते, आणि चांगली येते. पैसे वाचविण्यासाठी विणावयाचे असेल तर विणू नये. 'मी एवढे केले' हे वर्षभर ऐकविण्यासाठी विणावयाचे असेल तर मुळीच विणू नये. त्या भेटीचे ओझे शंभर ग्रॅमपेक्षा पुष्कळच जास्त होते. साऱ्या गोतावळ्याला टोप्या वाटण्याचा संकल्पही सोडावा. अकराव्या टोपीला कोणाचे डोके डोळ्यांपुढे राहत नाही, उरते ते फक्त उरकणे. मी यंदा दोनच धरल्या आहेत.

टोपी गुंडाळताना आत एक चिठ्ठी ठेवावी. टाके किती, सुई कितीची, पीळ कितव्या ओळीला, हे तीवर लिहावे. पुढे काठ झिजला किंवा एखादा धागा तुटला तर दुरुस्त करणाऱ्या हाताला ती उपयोगी पडते. उरलेल्या लोकरीचा लहानसा गुंडाही बरोबर द्यावा, कारण नंतर त्याच छटेची लोकर दुकानदाराकडे मिळेलच असे नाही. आणि चिठ्ठीच्या शेवटी धुण्याची सूचना: कोमट पाण्यात, दाबून, सावलीत आडवी वाळवावी. पिळू नये. घातला आहे तेवढा पीळ पुरे.